मिस्टर आर्थर यांचे घोडे

एप्रिल आला की इथल्या हायवेच्या कडा निळ्या होतात. ब्लूबॉनेट म्हणतात त्या फुलांना. शेंगवर्गातलं रोप, म्हणजे आपल्या मूग-उडदाचं लांबचं भाऊबंद. पण वीतभर दांड्यावर निळा तुरा असा दाटून येतो की चालत्या गाडीतून बघावं तर कुणीतरी उतारावर बादलीभर नीळ ओतून दिलीय असं वाटतं. लोक गाड्या कडेला लावतात, पोरांना फुलांत बसवून फोटो काढतात. काल माझी लेक ईरा मागच्या सीटवरून ओरडली, "आई, लुक! ऑल ब्लू!"

"निळं म्हण," मी म्हटलं.

"निळं इज ब्लू," तिनं मलाच समजावलं.

मी हसले, आणि हसता हसता माझी मान आपोआप फिरली. डावा आरसा, मधला आरसा, उजवा आरसा, मग खांद्यावरून मागे. मंदारला, माझ्या नवऱ्याला, याची गंमत वाटते. "तू गाडी चालवतेस की आकाशात शत्रू शोधतेस?" असं तो विचारतो. तो थट्टेनं म्हणतो, पण ते अगदीच खोटं नाही. मला गाडी चालवायला शिकवली ती एका फायटर पायलटनं.

ती गोष्ट २००३च्या वसंतातली. मी जानेवारीत इस्लामपूरहून टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आले होते. तेव्हाचं फ्रिस्को अर्धं गाव, अर्धं कापसाचं रान होतं. आमच्या घरांच्या ओळीपुढे रस्ता होता, रस्त्यापुढे मोजणीचे केशरी झेंडे, आणि झेंड्यांपुढे नुसती काळी माती. फुटपाथ चालता चालता मध्येच संपायचा. दूध आणायचं तरी गाडी लागायची. कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी मी इथे नोकरी करू शकत नव्हते, कारण व्हिसाच तसा होता. मंदारच्या ऑफिसात रोज कुणाला ना कुणाला नोकरीवरून काढून घरी पाठवत होते. तो संध्याकाळी यायचा तेव्हा मी आधी त्याचा चेहरा बघायची आणि मग चहा टाकायची.

माझ्याकडे गाडीचं लायसन्स होतं, आंतरराष्ट्रीय परवानाही सांगलीहून काढून आणला होता. पण आयुष्यात चालवली ती स्कूटीच. शनिवारी मंदार मला शिकवायला घेऊन जायचा.

"ब्रेक! अगं ब्रेक मार ना यार!"

"तू ओरडू नकोस ना!"

एका शनिवारी मी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून उतरले आणि तरातरा घराकडे चालू लागले. मंदार शेजारून हळूहळू गाडी चालवत खिडकीतून विनवण्या करत होता. शेजारच्या घराच्या पोर्चमध्ये एक उंच, वाळका म्हातारा खुर्चीत बसला होता. त्यानं आम्हा दोघांची ती वरात शांतपणे जाऊ दिली.

सोमवारी सकाळी त्यानं दार वाजवलं. "मी आर्थर. तुझ्याकडे डोळे आहेत. माझ्याकडे गाडी आहे आणि रिकामा वेळ आहे. आपलं जमेल."

त्यांची नजर मध्यभागी विझत चालली होती. लायसन्स आदल्याच वर्षी काढून घेतलं होतं. "माणसाचा चेहरा दिसत नाही, कडा दिसतात," ते म्हणाले. "तुझे कान मात्र छान दिसतायत." टेक्सासच्या रीतीनं सगळे त्यांना मिस्टर आर्थर म्हणायचे, मीही म्हणू लागले. माझं नाव वृंदा. ते ब्रिंडा म्हणायचे.

त्यांची गाडी साईच्या रंगाची, होडीसारखी लांब. आमच्या घरांमागच्या चर्चचं पार्किंग आठवडाभर ओस पडलेलं असायचं. तिथे ते माझ्या शेजारी ताठ बसायचे आणि एकच शब्द सांगायचे. "मान."

"अहो, फिरवली की."

"नाही फिरवली. तुझी कानातली हलली नाहीत. एका जागी टक लावलीस की संपलीस. गळ्याशी रेशमी रुमाल बांधलेल्या वैमानिकांचे फोटो बघितलेत का कधी? लोकांना ती ऐट वाटते. सारखी मान फिरवून कॉलरनं आमची कातडी सोलून निघायची, म्हणून तो रुमाल. जो मान फिरवायचा कंटाळा करायचा, तो जेवायला परत यायचा नाही."

ते आधी काय करत होते हे मला असं कळलं. मी गाडी थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. "समोर बघ," ते म्हणाले.

मग रोज थोडं थोडं कळत गेलं. ते इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातले. अठराव्या वर्षी, दुसरं महायुद्ध चालू असताना, हवाई दलात नाव घातलं. तिकडे आकाशात ढग आणि शत्रू दोन्ही, मग पोरांनी विमान शिकायचं कुठे? म्हणून त्यांना बोटीत घालून समुद्रापार पाठवलं, आणि तिथून आगगाडीनं थेट टेक्सासला, डॅलसच्या पूर्वेच्या टेरेल नावाच्या गावात. रेशनच्या देशातून आलेली ती पोरं. पहिल्याच सकाळी टेबलावर संत्र्यांची रास दिसली. "आम्ही पोट दुखेपर्यंत खाल्ली. डेनिसनं तर उशीखाली लपवून ठेवली, उद्या मिळाली नाहीत तर म्हणून." डेनिस म्हणजे त्यांच्या खोलीतला दोस्त.

रविवारी गावातली घरं या पोरांना जेवायला बोलवायची. अशाच एका घरातली बेटी जीन त्यांच्या उच्चारांना पोट धरून हसली. युद्ध संपल्यावर ते तिच्यासाठी परत आले, लग्न केलं, आणि पुढे जन्मभर हार्डवेअरचं दुकान चालवलं. विमान पुन्हा हातात घेतलं नाही. "का?" मी विचारलं. "खिळे विकण्यात पुष्कळ मजा आहे," ते म्हणाले. बेटी जीन जाऊन काही वर्षं झाली होती. पोर्चमध्ये तिची खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी होती, आणि तिच्यावर कुणी बसत नसे.

त्यांच्या गोष्टी अख्ख्या गल्लीला पाठ होत्या. शिकत असताना वाट चुकून ते एका कुरणात उतरले. शेतकरी विमानापासून गाई हाकत राहिला, आणि त्याच्या बायकोनं ह्यांना आत नेऊन पीचचा पाय, म्हणजे फळं भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, खाऊ घातला. परत जाऊन वरिष्ठांना सांगितलं, इंजिनात बिघाड झाला. "आणि हनुवटीवर सगळा पीचचा रस!" गोष्ट इथे आली की ते स्वतःच आधी हसायचे. सगळ्या गोष्टी अशाच. त्यांतल्या युद्धात कधी कुणी मरायचं नाही.

मार्चमध्ये खरं युद्ध सुरू झालं. इराकचं. सैनिक सुखरूप परतावेत म्हणून झाडांना पिवळ्या फिती बांधल्या गेल्या. दुकानात, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे, जिथे जावं तिथे टीव्हीवर हिरवट काळोखात बॉम्बांनी चमकणारं तिथलं शहर. मिस्टर आर्थर यांच्या घरातला टीव्ही तेवढा बंद असायचा. आमची शिकवणी चालूच होती. पार्किंगच्या कडेला तेव्हा पहिली निळी फुलं आली होती.

एकदा बोलता बोलता मी सांगितलं की माझे बाबा जनावरांचे डॉक्टर होते, सरकारी दवाखान्यात. लहानपणी मी त्यांच्याबरोबर गोठ्या-गोठ्यांतून हिंडले आहे.

"घोडेसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"टांग्यांचे. आणि वरातीचे."

"मान" हा शब्दसुद्धा त्या दिवशी ते पुन्हा म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध नीट लावली, इंजिन बंद केलं, आणि ते समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले. आवाज नेहमीचाच, गाडीचा गिअर समजावतानाचा.

चव्वेचाळीसचा उन्हाळा. फ्रान्समधली सफरचंदाची बाग, तिच्यात त्यांचे तंबू. बागेशेजारी माती सपाट करून केलेली धावपट्टी. धूळ इतकी की दात करकर वाजायचे. पावावर जॅम लावला की गांधीलमाश्या झडप घालायच्या, घास तोंडापर्यंत न्यायची चोरी. दिवसातून अनेकदा उडायचं. जर्मन सैन्य माघार घेत होतं. पेट्रोल संपलं होतं, म्हणून त्यांच्या तोफा, गाडे, सगळं घोडे ओढत होते. दोन्ही बाजूंनी उंच कुंपणं, मध्ये अरुंद रस्ता, आणि रस्ताभर गाडे. हुकूम होता रस्ता बंद करायचा.

"मी खाली झेपावलो," ते म्हणाले. "माणसं गाड्यांवरून उड्या टाकून चरात लपली. घोडे कुठे जाणार? ते जुंपलेले. आम्ही वळलो, पुन्हा आलो. मग पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरून उडताना वास वर विमानापर्यंत येत होता."

मी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"माझे वडील घोडागाडीतून दूध घालायचे. डॉली नाव होतं घोडीचं. कुठल्या दारी थांबायचं ते तिला ठाऊक असायचं, लगाम ओढावा लागायचा नाही. युद्ध संपवून घरी गेलो तेव्हा ती दारातच उभी होती. वडील म्हणाले, हात फिरव तिच्या मानेवरून, ओळखेल ती तुला. मी म्हटलं, हात मळलेत माझे." मग म्हणाले, "बेटी जीनला नाही सांगितलं हे. लिंडालाही नाही." लिंडा त्यांची एकुलती एक लेक. "ब्रिंडा, तुझ्या वडिलांना एक विचारशील? जुंपलेल्या घोड्याला गोळ्या लागल्या तर तो किती वेळ..."

रविवारी मी कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला. आईशी लोणच्याचं, पाहुण्यांचं बोलून झालं, मग बाबांना मागितलं. सगळं सांगितलं. लाइन कट झाली की काय असं वाटलं.

"बाबा?"

"आहे गं. किती वर्षं झाली म्हणालीस या गोष्टीला?"

"साठएक."

"मग त्यांना सांग, घोड्याचं काळीज मोठं असतं. रक्त एकदम जातं, शुद्ध लगेच हरपते. त्याला फार काही कळत नाही."

"खरं आहे हे?"

"त्यांना सांग," बाबा म्हणाले. "आणि माझा नमस्कार सांग."

मी शब्दन् शब्द तसाच सांगितला. मिस्टर आर्थर माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मान हलवली. "तुझे वडील फार दयाळू आहेत," ते म्हणाले. "मी दूधवाल्याचा मुलगा आहे, ब्रिंडा. घोडे मला माहीत आहेत. तरी त्यांना थँक यू सांग." आणि मग, "चल. आज रिव्हर्स."

त्याच सुमारास लिंडाची गाडी त्यांच्या दारात वरचेवर दिसू लागली. तिची मुलगी केटी, अठरा वर्षांची, लाल केसांची, बास्केटबॉल खेळणारी, हवाई दलात जाते म्हणत होती. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची. इथे कुणी असे कपडे वाळत घालत नाही, पण मी घालायची. लिंडाचा आवाज कुंपणावरून सरळ ऐकू यायचा.

"डॅड, हे सगळं तुमच्या गोष्टींनी झालंय. लहानपणापासून तिनं काय ऐकलं? कुरणं, गाई आणि पीचचा पाय! तिला वाटतं युद्ध म्हणजे सहल आहे. आता तुम्हीच सांगा तिला, जाऊ नकोस म्हणून. तुमचं ऐकेल ती."

जरा वेळानं लिंडाचं रडणं तेवढं ऐकू आलं. मी बादली तिथेच ठेवून आत आले.

मिस्टर आर्थर आणि माझ्यात एक आधीच ठरलं होतं. मला हायवेवर जायचं धाडस झालं की पहिली फेरी टेरेलच्या दफनभूमीत, डेनिसकडे. बेटी जीन असेपर्यंत दर वसंतात दोघं जायची. त्या वर्षी त्यांना न्यायला कुणी नव्हतं. एप्रिलच्या मध्यात एका शनिवारी निघायचं ठरलं, आणि हे कळल्यावर केटी म्हणाली, मीही येते. तिला गाडी उत्तम चालवता यायची. पण त्यांनी किल्ली माझ्याच हातात ठेवली.

हायवेवर शिरताना शेजारून एक ट्रक असा घरघरत गेला की माझा पाय ब्रेककडे गेला. "मान," ते हळूच म्हणाले. मी मान फिरवली, जागा दिसली, शिरले. मागून केटीनं टाळ्या वाजवल्या. पुढे शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना निळं सुरू झालं. मिस्टर आर्थर यांना समोरचं दिसत नव्हतं, पण कडा दिसायच्या, आणि फुलं तर सगळी कडेलाच होती. ते वाटभर आनंदात होते.

दफनभूमीत ब्रिटिश पोरांचे दगड एका बाजूला, एकसारखे, पांढरे. डेनिसच्या दगडावर त्याचं वय होतं, एकोणीस. लढाईत नाही, शिकतानाच गेला तो, धुक्यात. संत्री उशीखाली ठेवणारा. मिस्टर आर्थर यांनी बोटांनी अक्षरं चाचपली. मी घडीची खुर्ची उघडून दिली आणि तिथून बाजूला झाले. केटी गवतात बसली, गुडघे पोटाशी घेऊन.

मी कुंपणापर्यंत गेले. तिथून ती दोघं दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. ते बोलत होते. केटी आधी त्यांच्याकडे बघत होती, मग गवताकडे बघू लागली. एकदा तिनं काहीतरी विचारलं. वाऱ्यानं सगळी निळी फुलं एका बाजूला वाकत होती आणि पुन्हा उभी राहत होती. माझ्या मनात घोडे होते. मला वाटलं, ते आत्ता तिला घोड्यांचं सांगत असतील, आणि आता ही पोर काही जात नाही.

पुढच्याच आठवड्यात केटीनं हवाई दलाच्या कागदांवर सही केली.

लिंडानं कितीतरी दिवस वडिलांच्या दारात पाऊल टाकलं नाही. मी रोज जात होते. कधी पोहे घेऊन, कधी नुसतीच. दफनभूमीत केटीशी त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. केटी हवाई दलात रुजू व्हायला निघाली त्या दिवशी ते पोर्चमध्ये अंधार पडेपर्यंत बसून होते. नंतर लिंडा पुन्हा येऊ लागली. एका संध्याकाळी पाहिलं तर ती आईच्या खुर्चीत बसली होती.

पुढल्या वर्षी ईरा झाली. मिस्टर आर्थर यांनी तिला हातांत धरलं, अगदी तिरकी मान करून, कडेनं, तिचा चेहरा सापडेपर्यंत बघत राहिले. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत ते झोपेतच गेले. फुलं यायला महिना होता. केटीला यायला मिळालं नाही. ती तेव्हा मोठ्या विमानांतून जखमी सैनिकांना आणायच्या कामावर होती. लिंडानं घर विकलं. आता तिथे नागपूरचं एक जोडपं राहतं, पोर्चमध्ये तुळस आहे.

आणि या एप्रिलमध्ये, मागच्या मंगळवारी दुपारी, दारावर टकटक झाली. दारात लाल केसांची एक बाई उभी. केस बारीक कापलेले, खांदे रुंद, डोळ्यांखाली सुरकुत्या. चोविशीला नसाव्यात अशा. ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

"केटी!"

"मिस ब्रिंडा." ती आत आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मी वरणाचा कुकर लावला होता. हवेचं, लिंडाचं, तिच्या नव्या कॉलेजचं बोलणं झालं. ईरा शाळेत होती. मग ती बोटांनी टेबलाची कड चाचपत म्हणाली, "त्या दिवशी ग्रँडपानं मला काय सांगितलं, माहीत आहे?"

"घोड्यांचं?"

"कुठले घोडे?"

मी मानेनंच तिला पुढे सांग म्हटलं.

"तो म्हणाला, मी तुला जा म्हणणार नाही, जाऊ नकोस असंही म्हणणार नाही. युद्धात रोज सकाळी उडण्याआधी मला ओकारी यायची, एवढं सांगतो. आणि एक ध्यानात ठेव. परत आलीस की लोक तुला गोष्टी विचारतील. त्यांना हसण्यासारख्या हव्या असतात. त्या खुशाल सांग, लोकांना बरं वाटतं. बाकीच्या माझ्याकडे घेऊन ये. मी विचारलं, आणि तू नसलास तर?" केटीनं वर पाहिलं. "तर म्हणाला, शेजारी जा. तिकडे त्या फुलांपाशी उभी आहे ना, ती ऐकते."

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले. आईनं विचारलं तर हिनं काय सांगितलं असेल, मित्रांना काय सांगितलं असेल, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. सगळ्या हसण्यासारख्या गोष्टी सांगून संपल्या होत्या.

"तुम्हाला वेळ आहे?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

तिनं आधी तिच्या विमानातल्या एका जखमी मुलाचं नाव सांगितलं. मग त्याचं स्पेलिंग सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, सावकाश. मी ते मनाशी म्हणून पाहिलं, बरोबर आहे का ते तिला विचारलं, आणि मग ती बोलू लागली.